हिरवे फलक आणि विद्यापीठाचे अंदाजपत्रक

पावसाची पहिली सर पडून गेली की आपल्या शिक्षणसंस्थांतून एक सोहळा ठरलेला असतो. खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवलेले असतात. प्रमुख पाहुणे येतात, त्यांच्या हाती रोप दिले जाते, छायाचित्र निघते आणि चहापानानंतर मंडळी पांगतात. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२८ मध्ये शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा उत्सव आरंभिला आणि १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा देशभर रुजविली, तेव्हा माणसाचे मातीशी तुटत चाललेले नाते पुन्हा जोडावे, अशी त्यामागची दृष्टी होती. आज विधी शिल्लक आहे. दृष्टी मात्र पुष्कळ ठिकाणी हरपली आहे. लावलेल्या रोपाला मार्च-एप्रिलमध्ये पाणी कोणी घालावयाचे, हे त्या सोहळ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले नसते.

प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केले. एकदा तेथे मूल्यांकन समिती यावयाची होती. महिनाभर आधीपासून झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावण्याचे काम सुरू झाले, कुंड्या भाड्याने आणल्या गेल्या आणि प्रसाधनगृहाच्या भिंतीवर ‘पाणी हेच जीवन’ असा सुबक अक्षरांतला फलक लागला. फलकाच्या बरोबर खाली असलेला नळ त्या वेळी गळत होता. तो गळतो आहे, असा अर्ज तेथील शिपायाने कितीतरी दिवस आधी कार्यालयात दिला होता. चौकशी केली तेव्हा कळले, की ‘किरकोळ दुरुस्ती’ या शीर्षाखालची त्या वर्षाची तरतूद संपली होती, आणि त्यामुळे नळाचा वॉशर आणता येत नव्हता. फलकाचा खर्च मात्र मूल्यांकनाच्या शीर्षाखाली होता आणि तेथे पैसे होते.

या प्रसंगाला पुष्कळ वर्षे झाली, पण तो मनातून जात नाही. त्या संस्थेतील माणसे वाईट नव्हती. प्राचार्यांना पर्यावरणाविषयी खरोखरच आस्था होती. तरीही नळ गळत राहिला, कारण आस्था एका दालनात होती आणि पैसे दुसऱ्या शीर्षाखाली होते. विद्यापीठाचा परिसर निसर्गाशी जुळवून घेणारा, आपली वीज-पाण्याची गरज आवरणारा आणि पुढच्या पिढ्यांवर बोजा न टाकणारा असावा, याबद्दल आज कोणाचाही मतभेद नाही. शाश्वतता हा शब्द तर आता प्रत्येक भाषणात येतो. पण या शब्दाचे खरे घर अंदाजपत्रकात, खरेदीच्या नियमांत आणि इमारतीच्या आराखड्यात आहे. तेथे त्याला प्रवेश मिळत नाही तोवर वृक्षारोपणाचे सोहळे कितीही झाले तरी फरक पडणार नाही, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

विद्यापीठ म्हणजे एक गाव

विद्यापीठ किती मोठे असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. पुण्याच्या गणेशखिंडीतील विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला ८५० एकरांहून अधिक जमीन लाभली आहे. एवढ्या जागेत वसतिगृहे असतात, प्रयोगशाळा असतात, भोजनगृहे, निवासस्थाने, मुद्रणालय, दवाखाना, रस्ते आणि पथदिवेही असतात. म्हणजे ते एक गावच असते. त्या गावाला पाणी लागते, वीज लागते, त्याचा कचरा आणि सांडपाणी कोठेतरी जाते. ती वीज चंद्रपूर आणि कोराडीच्या कोळशातून येते. ते पाणी कोणत्या तरी धरणातून, म्हणजे कोणत्या तरी शेतकऱ्याच्या वाट्यातून येते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण न्यायाची मीमांसा करीत असतो, तेव्हा बाहेरच्या पथदिव्याचा आणि नळाचा न्यायाशी काही संबंध आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

हा विचार जगात अगदी नवा नाही. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील टफ्ट्‌स विद्यापीठाचे अध्यक्ष जाँ मेयर यांनी फ्रान्समधील तालुआर या गावी निरनिराळ्या देशांतील बावीस विद्यापीठप्रमुखांना एकत्र आणले आणि तेथे दहा कलमांचा जाहीरनामा संमत झाला. विद्यापीठांनी पर्यावरण शिकवावे, आणि त्याबरोबरच आपल्या स्वतःच्या कारभारात साधनांची काटकसर करून उदाहरण घालून द्यावे, असा त्याचा आशय होता. पुढे शेकडो विद्यापीठांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या.

आपल्याकडे पहिले पाऊल न्यायालयाने उचलले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर शिकविला जावा, असा निर्देश दिला. त्याची अंमलबजावणी रेंगाळली. अखेर न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमात सहा महिन्यांचा अनिवार्य भाग आणला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरूचा यांनी लिहिले. अशा रीतीने पर्यावरण फळ्यावर आले. पण फळ्यावरून ते व्हरांड्यात उतरावयास अजून पुष्कळ अवकाश आहे. दुपारी रिकाम्या वर्गात पंखे फिरत असतात, आणि त्याच वर्गात सकाळी ऊर्जासंवर्धनाचा धडा होऊन गेलेला असतो. विद्यार्थी धडा विसरतो, फिरणारा पंखा मात्र त्याच्या लक्षात राहतो.

सर्वांत कमी दराची निविदा

हे असे का होते, याचा शोध घ्यावयाचा तर कुलगुरूंच्या भाषणापेक्षा लेखा विभागातील धारिका चाळणे बरे. उदाहरणादाखल पंख्याचाच हिशेब पाहू. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. अलीकडे मिळणारा सुधारित मोटारीचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. दिवसाला आठ तास आणि वर्षाला दोनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला ७२ युनिट वीज वाचते. परिसरात असे दोन हजार पंखे असतील तर बचत १ लाख ४४ हजार युनिटांची झाली. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटचा दर दहा रुपये धरू. म्हणजे वर्षाला १४ लाख ४० हजार रुपये. नवा पंखा जुन्यापेक्षा बाराशे रुपयांनी महाग पडतो असे मानले तरी ती जादा रक्कम दोन वर्षांच्या आत वसूल होते, आणि पंखा तर दहा-बारा वर्षे टिकतो.

असा सरळ व्यवहार असताना तो होत का नाही? कारण पंखा खरेदी करणारा विभाग एक आणि विजेचे देयक भरणारा विभाग दुसरा. खरेदीच्या वेळी सर्वांत कमी दराची निविदा मान्य करावी, हा दंडक आहे. आणि तो दंडक मूळ हेतूने वाईट नाही. भ्रष्टाचाराला आळा बसावा म्हणूनच तो आला. पण त्यात वस्तूची आजची किंमत पाहिली जाते, तिच्या आयुष्यभराचा खर्च पाहिला जात नाही. बाराशे रुपये अधिक देऊन चांगला पंखा घ्यावा, असे सुचविणाऱ्या अभियंत्यावर लेखापरीक्षणात आक्षेप येऊ शकतो. दरवर्षी लाखो रुपयांची वीज वाया घालविणाऱ्यावर मात्र आक्षेप येत नाही, कारण वीज देयक ‘आवश्यक खर्च’ या सदरात मोडते. शिवाय कोणत्याही विभागप्रमुखाला आपल्या इमारतीत किती वीज खर्च झाली हे ठाऊकच नसते. सगळ्या परिसराला एक-दोन मुख्य मीटर असतात आणि त्यांचे देयक परस्पर कुलसचिव कार्यालयात जाते. वाचविणाऱ्याला श्रेय नाही आणि उधळणाऱ्याला दोष नाही, अशी ही व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेत नुसत्या आवाहनाने काय साधणार?

इमारतींचेही तसेच. काचेच्या भिंती लावलेली नवी इमारत पाहून आपण हरखून जातो. पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात त्या काचेआड वातानुकूलन यंत्राविना बसणे अशक्य होते. जाड भिंती, खोल व्हरांडे, उंच छते आणि उत्तर-दक्षिण खिडक्या ही आपल्या जुन्या महाविद्यालयांच्या बांधणीतील शहाणीव होती. एकदा इमारत उभी राहिली की तिची विजेची भूक पुढच्या पन्नास वर्षांसाठी ठरून जाते. तो निर्णय आराखडा मंजूर होण्याच्या दिवशी होतो, आणि त्या दिवशी पर्यावरणशास्त्राच्या प्राध्यापकांना कोणी बोलाविलेले नसते.

सागरमाळावरचे पाणी

हे चित्र बदलता येत नाही असे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उदाहरण मराठी वाचकांनी अभिमानाने सांगावे असे आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. शहराबाहेरचा सागरमाळ हा उघडा, खडकाळ माळ त्यासाठी निवडला गेला. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. पण माळावर विद्यापीठ वसवावयाचे तर आधी तेथे माती आणि पाणी धरून ठेवावे लागेल, हे त्यांनी जाणले आणि पहिल्या पिढीने झाडे लावली ती जगविण्यासाठी लावली. पुढे तलाव, विहिरी, उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी अडविणे आणि जिरविणे, असे काम टप्प्याटप्प्याने वाढत गेले. आज हे विद्यापीठ आपली पाण्याची गरज बहुतांशी आपल्याच परिसरात पडलेल्या पावसावर भागविते.

त्याचे मोल २०१९ च्या महापुरात कळले. पंचगंगेच्या पुराने शहराची पाणी उपसा केंद्रे पाण्याखाली गेली. चोहोबाजूंनी पाणी आणि प्यावयास थेंब नाही, अशी नागरिकांची अवस्था झाली. त्या दिवसांत विद्यापीठाने आपल्या साठ्यातून शहरासाठी पाणी दिले. एरवी शहराकडे पाणी मागणारी संस्था संकटकाळी शहराची आधार बनली.

येथे काही अद्भुत घडले, असे समजण्याचे कारण नाही. गणित साधे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस पडत असेल आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी आठ लाख लिटर पाणी हाती लागते. माणशी रोज १३५ लिटर या शहरी प्रमाणाने शंभर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला ते जवळपास दोन महिने पुरते. हे गणित शाळकरी मुलालाही येते. कोल्हापुरात जे घडले त्याचे मर्म सातत्यात आहे. कुलगुरू बदलले, तरी काम चालू राहिले. एका कुलगुरूने बांधलेला तलाव पुढच्याने गाळ काढून राखला. आपल्या संस्थांत नेमके हेच दुर्मीळ असते. पाच वर्षांची कारकीर्द संपली, की आधीच्या कुलगुरूंच्या योजनेचा फलक तेवढा मागे राहतो.

ज्या भागात पाऊस कमी तेथे तर हा प्रश्न अधिकच निकडीचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. वसतिगृहात पाणी आटले की सधन विद्यार्थी बाहेर खोली घेतो, पाण्याचे जार विकत आणतो. परीक्षेच्या तोंडावर गाठोडे बांधून गावी परतण्याची पाळी येते ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलावर आणि मुलीवर. म्हणून परिसराची शाश्वतता ही काही निसर्गप्रेमी मंडळींची हौस नव्हे. तो शिक्षणाच्या समान संधीचा प्रश्न आहे.

समित्या आणि अहवाल

कोणी म्हणेल, की आता तर सर्वत्र हरित समित्या स्थापन झाल्या आहेत, हरित लेखापरीक्षणही होते. हे खरे आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे ‘नॅक’ने, २०१७ च्या सुधारित चौकटीत एक हजार गुणांपैकी शंभर गुण ‘संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम उपक्रम’ या निकषाला दिले, आणि त्यात पाणी, ऊर्जा, कचरा व हिरवा परिसर यांचा समावेश केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘सतत’ या नावाने पर्यावरणस्नेही परिसराची मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर रोज शंभर किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संस्थांवर वर्गीकरणाची जबाबदारी टाकली आणि त्यात विद्यापीठेही आली. थोडक्यात, कागदोपत्री उणीव नाही.

उणीव आहे ती अधिकाराची. सामान्यतः हरित समितीचे अध्यक्षपद पर्यावरणशास्त्राच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या उत्साही प्राध्यापकाकडे येते. त्याला स्वतंत्र निधी नसतो, अभियांत्रिकी विभागाला आदेश देण्याचा अधिकार नसतो आणि खरेदीच्या धारिकेवर त्याचा शेरा लागत नाही. तो बिचारा निबंधस्पर्धा घेतो, भित्तिपत्रके लावतो. मूल्यांकनाचे वर्ष आले, की बाहेरची एखादी संस्था शुल्क घेऊन हरित लेखापरीक्षण करून देते. गुळगुळीत कागदावर छापलेला तो अहवाल कपाटात जातो. त्यातल्या शिफारशींचे पुढे काय झाले, असे विचारण्याची तरतूद कोणत्याही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते. परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण दोष देतो. आपल्या संस्था नेमके तेच करीत आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोणत्या इमारतीच्या टाकीतून रात्री पाणी ओसंडून वाहते, कोणता व्हॉल्व्ह नादुरुस्त आहे, कोठल्या नळवाहिनीला तडा गेला आहे, हे परिसरात सर्वांत आधी कोणाला कळत असेल तर ते पंपचालकाला, माळ्याला आणि रात्रीच्या पहारेकऱ्याला. हरित समितीच्या यादीत यांपैकी एकाचेही नाव सापडणार नाही. त्यांतील पुष्कळजण तर आता कंत्राटी पद्धतीने काम करतात आणि कंत्राट बदलले की जातात. त्यांच्याबरोबर त्या नळवाहिन्यांचे ज्ञानही जाते.

काय करता येईल

मग उपाय कोणता? प्रस्तुत लेखकाच्या मते नव्या कायद्याची आवश्यकता नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद अशी अधिकारमंडळे दिलेली आहेत. त्यांनी मनावर घेतले तर पुरेसे आहे.

पहिली गोष्ट मोजमापाची. प्रत्येक इमारतीला आणि वसतिगृहाला विजेचा व पाण्याचा स्वतंत्र मीटर असावा आणि त्याचे दरमहाचे आकडे त्या इमारतीच्या दर्शनी भागात लावावेत. मोजल्याशिवाय काटकसर होत नाही, हे घर चालविणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट उत्तरदायित्वाची. हरित समिती व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाने स्थापन व्हावी. तिच्यात विद्यापीठ अभियंता, वित्त व लेखा अधिकारी, विद्यार्थी प्रतिनिधी आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी हे पदसिद्ध सदस्य असावेत. नवी इमारत आणि मोठी खरेदी यांच्या धारिकेवर समितीचे लेखी मत आल्याशिवाय ती पुढे जाऊ नये.

तिसरी गोष्ट खरेदीची. निविदा तपासताना वस्तूच्या किमतीत तिच्या आयुष्यभराच्या विजेचा आणि दुरुस्तीचा खर्च मिळवावा आणि मग सर्वांत कमी दर कोणता ते ठरवावे. दंडक मोडावयाचा नाही. तो शहाणपणाने लावावयाचा आहे.

चौथी गोष्ट पैशाची, आणि येथे परदेशातील एक अनुभव उपयोगी पडेल. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने २००१ मध्ये तीस लाख डॉलरांचा एक फिरता निधी उभारला. एखाद्या विभागाला वीज किंवा पाणी वाचविणारे काम करावयाचे असेल तर त्याला या निधीतून बिनव्याजी रक्कम मिळते आणि देयकांत जी बचत होते तिच्यातून तो विभाग ती फेडतो. फेडलेली रक्कम पुढच्या कामाला मिळते. हा निधी नंतर वाढवीत एक कोटी वीस लाख डॉलरांपर्यंत नेण्यात आला. हार्वर्डची श्रीमंती आपल्याकडे नाही हे मान्य. पण या योजनेचे तत्त्व आपल्या भिशीच्या आणि बचतगटाच्या तत्त्वाहून फारसे वेगळे नाही. पन्नास लाखांच्या रकमेनेही त्याचा आरंभ होऊ शकतो. महत्त्वाचे एवढेच, की वाचलेला पैसा वाचविणाऱ्याच्या हाती राहिला पाहिजे. तो सर्वसाधारण खात्यात विरून गेला तर पुढच्या वर्षी कोणी वाचविणार नाही.

पाचवी गोष्ट प्रसिद्धीची. वर्षभरात किती वीज, किती पाणी वापरले, किती कचरा बाहेर गेला, किती झाडे लावली आणि त्यांपैकी किती जगली, याचे एक पानी विवरण अंदाजपत्रकाबरोबर अधिसभेपुढे ठेवले जावे. मागील वर्षाचे आकडे शेजारच्या रकान्यात असावेत. आकडे बोलू लागले म्हणजे भाषणांची गरज उरत नाही.

या सूचनांवर दोन आक्षेप येतील. शासन वेतनेतर अनुदान पुरेसे देत नाही, अध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत, अशा अवस्थेत मीटर आणि पंखे यांच्या गोष्टी कशाला, असा पहिला आक्षेप असेल. रिक्त पदांचा प्रश्न गंभीर आहे आणि त्यावर आवाज उठविलाच पाहिजे. पण पैसा तुटपुंजा असताना दरवर्षी लाखो रुपये विजेच्या देयकात वाया घालविणे हे तर अधिकच अक्षम्य ठरते. दुसरा आक्षेप असा, की या सर्व कामाचा बोजा अखेर लिपिकवर्गावर आणि अध्यापकांवरच पडणार. ही भीती साधार आहे. मूल्यांकनाच्या कागदपत्रांनी अध्यापक आधीच वाकले आहेत. म्हणूनच शंभर रकान्यांचे अहवाल नकोत. मीटरचे आकडे तेवढे खरे असावेत.

संलग्न महाविद्यालयांचे काय?

येथवर आपण विद्यापीठाच्या स्वतःच्या परिसराचा विचार केला. पण महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थी त्या परिसरात कधी पाऊलही टाकत नाहीत. ते तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी, संलग्न महाविद्यालयांत शिकतात. विद्यापीठाची खरी व्याप्ती तेथे आहे आणि तेथे त्याच्या हाती एक साधन आहे, ते म्हणजे संलग्नीकरण. संलग्नीकरणासाठी येणारी समिती ग्रंथालय, प्रयोगशाळा, अध्यापकांच्या नेमणुका पाहते. पिण्याचे पाणी बारमाही आहे काय, छपरावरचे पाणी कोठे जाते, प्रयोगशाळेतील रसायनांचे सांडपाणी कोठे सोडले जाते, एवढे तीन प्रश्न तिने विचारले आणि प्रत्यक्ष पाहून उत्तरे लिहिली, तरी पुष्कळ सुधारणा होईल. मात्र उपदेश करण्यापूर्वी विद्यापीठाने आपले घर नीट करावयास हवे; अन्यथा महाविद्यालये त्या प्रश्नांनाही भाड्याच्या कुंड्यांनीच उत्तर देतील.

या बाबतीत आपल्याकडे परंपरा नाही असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे त्याचे अंग होते. विद्यार्थ्यांनी जमीन सपाट केली, शेती केली आणि पुस्तकेही वाचली. ज्या भूमीवर आपण शिकतो ती आपल्या श्रमाने राखावी, तिच्यावर भार होऊ नये, हा धडा त्या मुलांना वेगळ्या तासिकेत शिकवावा लागला नाही. शाश्वतता हा शब्द कर्मवीरांनी वापरला नसेल. स्वावलंबन म्हणताना त्यांच्या मनात असलेला अर्थ मात्र त्याहून फार दूरचा नव्हता.

प्रश्न विचारणारे कोण?

विद्यार्थ्यांनाही या कामात खरे स्थान देता येईल. पर्यावरण विषयाच्या प्रकल्पाला गुण असतात. तो प्रकल्प बहुधा मागील वर्षीच्या वहीवरून उतरविला जातो आणि परीक्षकही ते जाणतो. त्याऐवजी आपल्याच महाविद्यालयाचे बारा महिन्यांचे वीज देयक मिळवून त्याचा आलेख काढा, गळणारे नळ मोजा, वसतिगृहात रोज किती अन्न वाया जाते ते तोला, असे काम दिले तर ते उतरवून काढता येणार नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बचतीचा ताळेबंद मांडू शकेल, मराठीचा विद्यार्थी माळी आणि पंपचालक यांच्या मुलाखती घेऊ शकेल. पर्यावरण ही केवळ विज्ञान शाखेची मिरासदारी नाही.

अखेर एक गोष्ट वाचकांना उद्देशून. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण पदवीधर असतील आणि त्यांतील काहींनी आपले नाव विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधरांच्या यादीत घातले असेल. अधिसभेवर दहा सदस्य या पदवीधरांच्या मतांनी निवडून जातात. अध्यापकांचे आणि प्राचार्यांचे प्रतिनिधी आणखी निराळे. निवडणुकीच्या वेळी हे उमेदवार आपल्या दारी येतात. त्यांना आपण कोणता प्रश्न विचारतो? कोण कोणत्या गटाचा, कोणाला कोणाचा पाठिंबा, एवढ्यावरच ती चर्चा संपते. पुढच्या वेळी त्यांना एवढेच विचारावे, की गेल्या वर्षी विद्यापीठाने किती युनिट वीज वापरली आणि त्याआधीच्या वर्षी किती? उत्तर येणार नाही, हे निश्चित. पण दहा जणांनी दहा ठिकाणी हाच प्रश्न विचारला तर त्यांतील एखादा तो अधिसभेत नेईल, आणि एकदा प्रश्न कार्यवृत्तात नोंदला गेला की उत्तर शोधावेच लागते. प्रशासनाचा हा स्वभाव कार्यालयांत काम करणाऱ्या वाचकांना सांगावयास नको.

त्या महाविद्यालयातील गळणारा नळ पुढे दुरुस्त झाला. नव्या आर्थिक वर्षाची तरतूद एप्रिलमध्ये आली आणि त्या शिपायाने पहिल्याच आठवड्यात वॉशर आणून बसविला. त्याला कोणी शाबासकी दिली नाही, त्याचे छायाचित्रही निघाले नाही. मार्च अखेरपर्यंत किती पाणी वाहून गेले, याची नोंद अर्थातच कोठे नाही. ती नोंद ठेवावयास ज्या दिवशी आपल्या संस्था लागतील, त्या दिवसापासून भिंतीवरचा फलक काढून टाकला तरी चालेल.